काना नव्हे, काडी

काना म्हणजे आपल्या बाराखडीतला सगळ्यात गरीब. एक उभी रेघ, बाकी काही नाही. पण 'मर' आणि 'मार' यांत अंतर तेवढंच. म्हणूनच की काय, रशियातल्या दागेस्तानातल्या अवार भाषेच्या लिपीतली 'पालोच्का' मला बघताक्षणी घरातली वाटली. नाव रशियन, अर्थ काडी. दिसतेही तशीच, ना फाटा ना वळण.

काम मात्र दांडगं. कॉकेशसच्या डोंगरातली माणसं काही व्यंजनं घसा क्षणभर बंद करून, कोंडलेल्या हवेने फटकन उडवतात, बाटलीचं बूच उडावं तशी. रशियन अक्षरांना हे कुठून झेपणार? मग अक्षराशेजारी काडी उभी करायची. आपण 'क'मागून श्वास सोडून 'ख' करतो. इथे तो अडवायचा.

अवार आधी अरबी लिपीत लिहीत. १९२८मध्ये लॅटिन आली, १९३८मध्ये सिरिलिक, म्हणजे रशियन अक्षरांची. दहा वर्षांत तीन लिप्या! आपली मोडी निदान सावकाश गेली.

रशियन कीबोर्डावर काडीला जागा नाही. लोक सरळ इंग्रजी एकचा आकडा मारतात. अवार भाषेत दोनला 'कीगो' म्हणतात, त्यातला क काडीवाला. म्हणजे 'दोन' लिहायचं आणि त्यात एक! कुणी आय वापरतं, कुणी एल. डोळ्यांना सगळं सारखंच, पण शब्द शोधायला सांगितला की संगणक हात वर करतो. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरयादीत, मोठी (कॅपिटल) काडी आधीच होती, लहान (स्मॉल) २००६ साली आली. दोघी दिसायला जवळपास जुळ्या. हसायचं कारण नाही. मोबाइलवर 'दऱ्या'चा 'दर्या' करून अख्खे डोंगर बुडवणारे आपणच.

अवार कवी रसूल गमझातोव जगाला रशियन उच्चाराने माहीत. रशियनमध्ये 'ह' नाही, म्हणून तो 'ग'. अवार लिहिताना मात्र त्याचं आडनाव घशातल्या 'ह'ने सुरू होतं, आणि तो 'ह'ही काडी लावूनच होतो. त्सादा हे त्याचं गाव, त्याच्याही पहिल्या अक्षराला काडी.

परवा चहा गाळता गाळता मी 'कीगो'चा क जमवत होतो. चौथ्या खेपेला आतून आईचा आवाज आला, "ठसका लागलाय का रे? पाणी पी आधी."