अध्यक्ष फ्रान्सिस ली यांची चार वर्षे

मँचेस्टर सिटी या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या अध्यक्षपदावर त्याच क्लबचे माजी खेळाडू फ्रान्सिस ली यांनी काढलेली चार वर्षे बहुतेक लेखांत दोन ओळींत उरकली जातात. ती अपयशी ठरली हे खरे असले, तरी ती का फसली हा प्रश्न मला त्यांच्या गोलांइतकाच महत्त्वाचा वाटतो.

खेळाडू म्हणून त्यांच्या थोरवीबद्दल वाद नाही. ऑक्टोबर १९६७ मध्ये बोल्टनहून ६०,००० पौंडांना आलेला हा ठेंगणा, दणकट स्ट्रायकर त्याच मोसमात लीग विजेता झाला. १९७१-७२ मध्ये त्यांनी लीगमध्ये ३३ गोल केले आणि त्यांपैकी १३ पेनल्टीवरचे होते. शिवाय खेळत असतानाच त्यांनी कागदाच्या व्यवसायात पाय रोवले आणि पुढे टॉयलेट पेपरच्या कारखान्यातून ते कोट्यधीश झाले. त्यामुळे १९९४ मध्ये आधीचे अध्यक्ष पीटर स्वेल्स यांना कंटाळलेल्या प्रेक्षकांना ली यांच्यात आपला जुना नायक आणि मुरलेला उद्योजक असे दोघेही एकदम दिसले, तर त्यात नवल नाही.

माझ्या मते घात झाला तो १९९५ च्या उन्हाळ्यात. इंग्लंडच्या संघातील जुने सहकारी आणि मित्र ॲलन बॉल यांना त्यांनी व्यवस्थापक नेमले. ५ मे १९९६ रोजी, मोसमाच्या शेवटच्या दिवशी, लिव्हरपूलविरुद्ध ०-२ अशा पिछाडीवरून सिटीने बरोबरी साधली आणि बरोबरी पुरेशी आहे असा चुकीचा निरोप मैदानात गेला. सिटीचा स्टीव्ह लोमास कॉर्नरच्या झेंड्यापाशी चेंडू अडवून वेळ काढत राहिला. आधीच बदली होऊन बाहेर गेलेला नायल क्विन धावत सीमारेषेपाशी आला आणि गोल हवा आहे, असे ओरडून सांगू लागला. सामना २-२ सुटला, संघ प्रीमियर लीगमधून, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीतून, बाहेर पडला.

कारखान्यात ज्या माणसाने स्वतःच्या हिमतीवर निर्णय घेतले, त्याने क्लबमध्ये मैत्रीवर विसंबावे, याचे मला आजही वाईट वाटते. त्यानंतर व्यवस्थापकांची रांगच लागली. स्टीव्ह कॉपेल तर ३३ दिवसांत गेले. मार्च १९९८ मध्ये ली पायउतार झाले आणि मे महिन्यात क्लब तिसऱ्या श्रेणीत घसरला. मात्र फेब्रुवारीत, ली अध्यक्ष असतानाच, नेमलेले जो रॉइल टिकले आणि त्यांनीच लागोपाठच्या दोन मोसमांत सिटीला पुन्हा प्रीमियर लीगमध्ये नेले.