ऐरण, शेड आणि टँकर : वाघोलीतली आमची वाटचाल

आमच्या वर्कशॉपच्या दारात वडिलांची ऐरण अजून आहे. हल्ली पोरं तिच्यावर चहाचे कप ठेवतात.

वडील लोहारकाम करायचे. वाघोलीच्या आसपास तेव्हा खाणीच खाणी. पुण्यात इमारत उठली की खडी नगर रोडनं इकडून जायची. खाणीवरचे वडार सकाळी छिन्न्या-पहारी टाकून जायचे, संध्याकाळी शेवटून, म्हणजे टोकं पुन्हा धारदार करून न्यायचे. पेरणीच्या तोंडावर शेतकऱ्यांचे फाळ यायचे. छिन्नीला पाणी देताना, म्हणजे तापलेलं टोक पाण्यात बुडवून कडक करताना, वडील बोलायचे नाहीत. टोकावर रंग चढताना नुसतं बघत राहायचे. तपकिरी दिसला की बुडवायची. निळा होऊ दिला तर टोक मऊ पडून धार गेलीच म्हणून समजा. मला ते जमायला चार वर्षं लागली आणि जमेपर्यंत खाणीवर ब्रेकर मशीन आलं.

१९९३ साली मी सेकंडहँड वेल्डिंग मशीन घेतलं. किल्लारीच्या भूकंपातली मुलं भारतीय जैन संघटनेनं पुण्याकडे आणली, तेच हे साल. वडील महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. कामं मात्र मिळत गेली : क्रशरच्या चाळण्या, ट्रॉलीचे फाळके, फुटलेले हूक. दिवसा वीज गेली की रात्री वेल्डिंग, आणि सकाळी डोळ्यांत वाळू घातल्यासारखं व्हायचं.

पुढे खराडीला आयटी आली आणि आमच्याकडची जमीन गुंठ्यावर विकायला लागली. आधी गोडाऊनच्या शेड, मग सोसायट्यांची ग्रिलं, सेफ्टी डोअर, गेट. दोनाचे नऊ कामगार झाले. एका बिल्डरनं सत्तर फ्लॅटच्या ग्रिलांचे पैसे अडकवले तेव्हा त्या नऊ जणांचा पगार बायकोच्या पाटल्यांवर झाला. तेव्हापासून अर्धे पैसे हातात आल्याशिवाय आम्ही पाइप कापत नाही.

एवढी घरं झाली, पण ग्रामपंचायतीची पाणीयोजना त्यांना कुठून पुरणार? सोसायट्याच्या सोसायट्या टँकरवर. तेव्हा आम्ही टँकरच्या टाक्या बनवायला घेतल्या.

पहिली दहा हजार लिटरची टाकी आठवली की अजून लाज वाटते. बाहेरून झकास, आत पाणी हिंदकळू नये म्हणून लावतात ते पत्र्याचे आडवे पडदे टाकलेच नव्हते. टाकी अर्धी भरलेली असताना केसनंद फाट्याला ड्रायव्हरनं ब्रेक मारला, सगळं पाणी पुढच्या पत्र्यावर आदळलं आणि जोड उकलला. रस्ताभर पाणी. नशीब, पुढे दुचाकी नव्हती. टाकी फुकट दुरुस्त करून दिली. आता प्रत्येक टाकीत भोकं पाडलेले तीन पडदे असतात, आणि डिलिव्हरीआधी मी स्वतः आत उतरून हातानं जोड चाचपतो. पोट सुटलंय, झाकणातून जाताना पोरं हसतात.

२०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत गेली, त्यात वाघोलीही गेली. घरोघरी नळ येणार, टाक्यांचा धंदा संपला, या हिशोबानं मी जाड पत्र्याचा स्टॉक कमी केला आणि रेलिंगच्या कामासाठी बेंडिंग मशीन घेतलं.

ते मशीन आठवड्यातून दोन दिवस चालतं. पत्रा मात्र पुन्हा मागवावा लागला. आत्ता शेडमध्ये तीन टाक्या उभ्या आहेत. चौथीवाला सकाळपासून दोनदा फोन करून गेलाय.