सीमाप्रश्न सुटला काय हो?

बेळगावात शनिवार खुटावर चहाला थांबलो की कुणीतरी विचारतंच. "काय हो, हल्ली कमेंटीत दिसत नाही तुम्ही? सीमाप्रश्न सुटला काय?" विचारणारा हसत असतो, पण त्या हसण्यात थोडा संशयही असतो. कुणाला वाटतं मी घाबरलो. कुणाला वाटतं कानडी गिऱ्हाईक सांभाळायला गप्प बसलो. एकाने तर लग्नाच्या पंगतीत, पानात जिलेबी पडता पडता, "मराठीचं काम सोडलंत म्हणे" असं चारचौघांत ऐकवलं. पंगतीत काय उत्तर देणार? म्हणून इथे देतो. तुम्ही विचारलंत म्हणून.

सीमाप्रश्न सुटलेला नाही. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात घातलेल्या दाव्याचं काय व्हायचं ते होईल, माझं मत होतं तिथंच आहे. सुटली ती दुसरीच गोष्ट, आणि तीही पुरती सुटली असं छातीठोक म्हणवत नाही.

शहापुरात माझा लहानसा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, महाप्रसादाची हँडबिलं. निम्मं काम मराठी, निम्मं कानडी. स्मार्टफोन घेतला तो प्रूफं पाठवायला. नेट स्वस्त झालं होतं आणि गिऱ्हाईक दुकानात येऊन प्रूफ बघायला तयार नव्हतं. हातात फोन आला, मग रात्री बातम्या बघणं आलं, बातम्यांच्या खाली कमेंटी आल्या.

पहिली कमेंट अजून आठवते. कुणीतरी लिहिलं होतं, बेळगावातले मराठी म्हणजे पोट भरायला आलेले पाव्हणे. मी १९५६ ची राज्य पुनर्रचना, सीमावादावरचा १९६६ चा महाजन आयोग, आमच्या आजोबांच्या वेळचा जमिनीचा मराठी कागद, असं सगळं मुद्देसूद लिहिलं. शिवी एकही नाही. सकाळी उठून बघतो तर दोनशेच्या वर लाइक. टपरीवर एका अनोळखी माणसाने माझ्या चहाचे पैसे दिले. "काल मस्त दिलंत."

हे नीट समजून घ्या. पंचवीस वर्षं मी लोकांची नावं छापतोय. सोनेरी शाईत, उठावाच्या अक्षरांत. माझं नाव कुठे येतं? पत्रिकेच्या तळाशी, सहा पॉइंटात. ते वाचायला चष्मा लागतो आणि वाचतं कोण? त्या दिवशी पहिल्यांदा माझं नाव लोकांनी मोठ्या टायपात वाचलं.

पुढची दोन-अडीच वर्षं कशी गेली ते बायको जास्त चांगलं सांगेल. रात्रीचे साडेअकरा. मागच्या गल्लीतल्या मागांची खटखट थांबलेली. मी पाठमोरा झोपून, फोनचा उजेड पांघरुणात कोंडून, कुणालातरी उत्तर लिहितोय. पाठवलं. आता झोपायचं. फोन उशाशी पालथा घातला. अर्ध्या मिनिटाने सुलटा केला. काही नाही. परत पालथा. परत सुलटा. आला! आला म्हणजे लाइक. उत्तर नाही. म्हणजे त्याने अजून वाचलं नाही, की वाचून लिहितोय? मग पहाटे दोनला त्याचं उत्तर यायचं आणि छातीत असं काही धडधडायचं की जणू निकालच लागला.

मुलगी धारवाडला मानसशास्त्रात एम.ए. करते. तिने मला ह्याचं गणित सांगितलं. बी. एफ. स्किनर नावाचा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होता. त्याने कबुतरांना बटनावर चोच मारायला शिकवलं. ठरावीक टोचींनंतर दाणा मिळाला तर कबूतर दाणा खाऊन जरा विसावतं. पण दाणा कधी तिसऱ्या टोचीला, कधी तिसाव्या टोचीला मिळायला लागला, तर ते थांबतच नाही, टोचत राहतं. दाणा बंद केला तरी कितीतरी वेळ टोचतं. हे ऐकून मला आमच्या गल्लीतला आकडा लावणारा आठवला. रोज हरणारा माणूस रोज लावतो, कारण कधीतरी लागला होता. माझ्या प्रत्येक कमेंटीला नेमाने दहा लाइक मिळाले असते तर महिन्याभरात कंटाळलो असतो. कधी चार, कधी चारशे, म्हणून टोचत राहिलो.

पण मला जास्त लागलं ते तिने सांगितलेलं दुसरं. मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज यांनी दाखवून दिलं की मेंदूत 'हवंसं वाटणं' आणि 'आवडणं' ह्या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. डोपामिन हे मेंदूतलं रसायन मुख्यतः हवंसं वाटण्याशी बांधलेलं असतं. त्यामुळे एखादी गोष्ट आवडेनाशी होऊनसुद्धा हवीहवीशी वाटत राहू शकते. ती हे फोनवर सांगत होती आणि मी छापखान्यात कटिंग मशीनला टेकून उभा होतो. म्हटलं, थांब, परत सांग. कारण माझी भांडणातली गोडी सरून वर्ष लोटलं होतं. त्याच तारखा, तेच आयोग, त्याच शिव्या. कंटाळा यायचा, मळमळायचं, पण सकाळी डोळा उघडला की हात आधी फोनकडे. मी स्वतःला सांगायचो, हे कर्तव्य आहे. पण कर्तव्य म्हणून पायाला कधी चिखल लागला नव्हता, मोर्चाला मी गेलो नव्हतो. सगळं पांघरुणात.

शिव्यांचं म्हणाल तर त्या कधी आल्या मला कळलंच नाही. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यापाशी महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले, तिकडे पुण्यात कर्नाटकच्या बसना काळं फासलं, आणि त्या आठवड्यात माझी एक ओळ, नुसती एक घाणेरडी ओळ, महाजन आयोगावरच्या माझ्या सगळ्या अभ्यासापेक्षा जास्त चालली. धडा मिळाला. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये ७,३३१ ट्विटर वापरणाऱ्यांची सव्वा कोटीहून जास्त ट्विटं तपासली होती. रागाच्या ट्विटला शाबासकी मिळाली की तो माणूस पुढे आणखी रागाने लिहितो. आणि अशा शाबासकीचा परिणाम जहालांच्या गोतावळ्यातल्यांपेक्षा मवाळांच्या गोतावळ्यातल्यांवर जास्त दिसला. मी स्वतःला मवाळ समजत आलोय, म्हणून हे टोचलं. शिवाय यंत्राचा काटाही तिकडेच झुकलेला होता. फेसबुकने २०१७ पासून काही काळ रागाच्या चेहऱ्याला साध्या लाइकच्या पाचपट वजन दिलं होतं, हे पुढे २०२१ साली त्यांच्याच आतल्या कागदांतून बाहेर आलं. तोवर रागाचं वजन शून्यावर आणलेलं होतं. तरी मी यंत्रावर खापर फोडत नाही. ओळ मी लिहिली होती.

माझ्याकडे कानडी मजकूर बसवायला गोकाकचा एक पोरगा आहे. डोकं थंड, हात जलद. मराठी बोलतो, छापखान्यात राहून वाचायलाही शिकलाय. एक दिवस प्लेट काढता काढता, वर न बघता म्हणाला, "मालक, रात्री तुम्ही लिहिलेलं वाचलो. ह्यात मी पण आलो काय?" मी म्हटलं, तू नाहीस रे. तो "हो की" म्हणाला आणि कामाला लागला. त्याच्या तोंडावर ती ओळ मी जन्मात म्हटली नसती. दुकानात आलेल्या कानडी गिऱ्हाईकाला मी आजवर "बर्री, कुंद्री", म्हणजे या, बसा, म्हटल्याशिवाय कामाचं विचारलेलं नाही. जॉन स्यूलर यांनी २००४ साली ह्यावर लिहून ठेवलंय: समोर तोंड नसलं, डोळे नसले, उत्तर यायला वेळ असला की माणसाचा आतला बांध सुटतो. मुलीने हे सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तो पोरगा आला, वर न बघणारा.

तरीही थांबलो नाही. शहाणपण आलं म्हणून थांबलो असं सांगायला आवडलं असतं. थांबलो ते एका 'कै.'मुळे.

तुळशीचं लग्न लागून सीझन सुरू झालेला. कडोलीकडच्या एका घरच्या चारशे पत्रिका. जुन्या पत्रिकेच्या फाइलवरच नवा मजकूर बसवायचा, आम्ही सगळे असंच करतो. जुन्या मजकुरात आजोबांच्या नावाआधी 'कै.' होतं. नाव बदललं, 'कै.' राहिलं. हे पकडायचं काम फायनल प्रूफात माझं. प्रूफ समोर होतं, आणि फोनवर एकजण मला विचारत होता की तुझा आजोबा नक्की कुठला. त्याला उत्तर लिहिता लिहिता मी प्रूफवर टिक मारली. घरच्यांनीही व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवला होता, पण त्यांचं काय, ते पोरीचं नाव आणि मुहूर्त बघतात. छपाई झाली. निम्म्या पत्रिका वाटूनही झाल्या.

तिसऱ्या दिवशी म्हातारा स्वतः आला. धोतर, पांढरी टोपी, हातात माझी पत्रिका. काऊंटरवर ठेवली. मग आपला हात पुढे केला.

"हात लावून बघ की. जित्ता हाय."

मी हात लावला. दुसरं काय करणार? गरम होता, खरबरीत होता. म्हातारा शिव्या देईल म्हणून वाट बघत होतो, पण तो बाकावर बसला, पाणी मागितलं आणि म्हणाला, "चष्मा लागला काय तुला?" लागला होता, डोळ्यांवरच होता. चारशे पत्रिका रातोरात परत छापल्या, पैसे घेतले नाहीत. ज्यांच्याकडे आधीची गेली होती त्यातले दोघं म्हणे दुखवट्याला जाऊन आले.

मुलगी सुट्टीला आली तेव्हा तिने मला वीस प्रश्नांचा कागद भरायला लावला. किंबर्ली यंग ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंचा आहे, नव्वदीतला. 'आणखी थोडी मिनिटं' असं किती वेळा म्हणता? परत ऑनलाइन कधी जाईन ह्याची वाट किती वेळा बघता? शंभरपैकी बासष्ट पडले. एवढे मला मॅट्रिकला नव्हते. मी विचारलं, म्हणजे हे व्यसन आहे काय? ती जरा अडखळली. म्हणाली, बाबा, पुस्तकात 'इंटरनेटचं व्यसन' असा आजार अजून लिहिलेला नाही. ते नाव १९९५ साली न्यूयॉर्कच्या गोल्डबर्ग नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने थट्टा म्हणून काढलं होतं, थट्टेची कुस्करी झाली. जागतिक आरोग्य संघटनेने आजार म्हणून धरलं ते फक्त गेमिंगला, जानेवारी २०२२ पासून लागू. त्याच्या खुणा तीन: आवर सुटणं, बाकीच्या गोष्टी मागे पडून हीच पुढे येणं, आणि नुकसान दिसत असूनही चालूच ठेवणं. मी म्हटलं, गेम नको, माझ्या ह्याला लावून बघ. तिने बघितलं. बोलली काही नाही. बेंगळूरच्या निम्हान्स ह्या मानसिक आरोग्याच्या संस्थेत २०१४ पासून ह्यासाठी वेगळं क्लिनिक आहे, लागलं तर जाऊ, एवढंच म्हणाली.

मला गंमत वाटते ती ही की सगळी काळजी पोरांची. सांगलीकडच्या मोहित्यांच्या वडगावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजायला लागला, टीव्ही-मोबाइल बंद, पोरं अभ्यासाला. इथे आमच्या हलग्यातही तसाच भोंगा सुरू केला. चांगलंच आहे. पण पंचावन्नच्या माणसासाठी रात्री दोनला भोंगा कोण वाजवणार?

बेंगळूरला गेलो नाही. फोन टाकून देणंही शक्य नव्हतं, ऑर्डरी त्यावरच येतात. ॲप काढलं, एवढंच. पहिला आठवडा वाईट. अंगठा आपोआप त्या जागेवर जायचा, जिथे ते चिन्ह होतं. तिथे आता कॅलेंडरचं ॲप आलं होतं. दिवसातून चाळीस वेळा मी तिथी बघायचो. तिथी बदलत नव्हती. पोराने विचारलंही, "मालक, घरी लग्न हाय काय?" मुलगी म्हणाली, दाणा बंद झाला की कबूतर आधी जास्तच जोरात टोचतं, मग कमी होतं. झालंही तसंच. पण एक गोष्ट तिच्या पुस्तकात नव्हती. त्या शेकडो लोकांपैकी, ज्यांनी मला 'वाघ' म्हटलं होतं, एकाचाही फोन आला नाही. मी दिसेनासा झाल्याचं कळायला टपरीवरच्यांना दोन महिने लागले.

मधे एकदा घसरलो. २०२४ च्या निवडणुकीत परत ॲप घेतलं, पाच दिवस, मग परत काढलं. बायकोला माहीत नाही. आता कळेल.

परवा खुटावर त्याच पंगतवाल्याने मला धरलं. फोन माझ्या नाकापुढे नाचवला. "हे बघा काय लिहिलंय ह्याने. तुम्ही असता तर!" मी वाचलं. नको होतं, पण वाचलं. तोच, पाव्हणे म्हणणाऱ्यांतला. मी चहाचे पैसे दिले, गाडीला किक मारली आणि निघालो. कपिलेश्वरचा पूल चढेस्तोवर माझं उत्तर तयार झालं होतं. पहिल्या शब्दापासून शेवटच्या टिंबापर्यंत. झकास जमलं होतं. अजून पाठ आहे.