गाळातला गेम आणि एकोणीस पिना

रविवार, १२ जुलै २०२६. रात्रीचे सव्वाअकरा.

मावशीकडचा जुना व्हिडिओ गेम आज चालू झाला. २०१९ च्या महापुरात गावभागातल्या तिच्या घरात पाणी शिरलं, तेव्हा हाही बुडाला. तेव्हापासून पोत्यात गुंडाळून माळ्यावर पडलेला. "बघ बाबा, नाहीतर भंगारात घालते," असं ती म्हणाली आणि मी तो उचलून आणला. महिनाभर दुकानातून आल्यावर रोज थोडं थोडं काम केलं.

उघडला तेव्हा बोर्डावर कृष्णेचा गाळ पापडासारखा वाळलेला होता. मऊ ब्रशने पाण्याखाली धुतला, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग दोन दिवस सुकवला. हा फॅमिकॉम या निन्टेंडोच्या जपानी गेम मशीनची नक्कल असलेला सेट. मूळ मशीनमधल्या मुख्य चिपा इथे एकाच काळ्या डांबरी ठिपक्याखाली असतात. तो ठिपका गेला की इलाज नाही, म्हणून त्याच्याबद्दल काही ठरवण्याआधी सप्लाय मोजला. अ‍ॅडाप्टरचे ९ व्होल्ट आत येत होते, त्याचे ५ व्होल्ट करणाऱ्या ७८०५ रेग्युलेटरच्या पुढे मात्र शून्य. रेग्युलेटरचा एक पाय गंजून तुटला होता. दहा-पंधरा रुपयांची वस्तू! नवा टाकला, ५ व्होल्ट आले, लाल दिवा लागला. चित्र नाही.

मग कॅसेट. लहानपणी आम्ही सगळे तिच्यात फुंकर मारायचो आणि गेम चालायचा, म्हणून ती फुंकरीचीच किमया वाटायची. खरं काम व्हायचं ते कॅसेट काढून परत बसवल्याने. पिना नव्याने घासल्या जाऊन टेकायच्या. फुंकरीतली ओल उलट गंज चढवते. साठच्या साठ पिना कापसाच्या काडीने पुसल्या, स्लॉटही पुसला, आणि एलईडी टीव्हीवर पिवळ्या वायरीतून गेमांची यादी उमटली. तो बारका आवाज ऐकून आई स्वयंपाकघरातून पीठभरल्या हातांनी बाहेर आली.

फक्त बदकं मारायच्या गेमची बंदूक चालेना. भाचा हिरमुसला. त्याला समजावलं, की चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि बंदूक तो उजेड बघते. पण जुन्या डब्याच्या टीव्हीत किरण सेकंदाला पंधरा हजारांवर ओळी काढत जातो, त्याच थरथरत्या उजेडाला बंदूक ओळखते. एलईडीचा उजेड तसा नसतो, शिवाय चित्रही जरा उशिरा येतं. बंदूक बिघडलेली नाही, तिला तिचा टीव्ही हवाय.

बुधवारी पुण्याला नव्या नोकरीची ट्रायल आहे. कन्सोल दुरुस्तीच्या दुकानात तुटक्या एचडीएमआय पोर्टचा (टीव्हीची वायर लावायची जागा) प्लेस्टेशन ४ समोर ठेवणार आणि पोर्ट बदलून दाखवायचा. पोर्टला १९ पिना. बोर्डाच्या आतला तांब्याचा थर उष्णता ओढून घेतो, त्यामुळे खालून बोर्ड तापवल्याशिवाय जुना पोर्ट सुटत नाही. घाई करून ओढला तर पॅड, म्हणजे पिना जिथे डागतात ते बोर्डावरचे तांब्याचे तुकडे, उखडतात. मेलेल्या बोर्डांवर सराव चाललाय. पहिल्या तीन बोर्डांचे पॅड उखडले. चौथ्यात दोन पिना शॉर्ट झाल्या. काल सहाव्यावर मल्टिमीटरने एकेक पिन तपासली, सगळ्या बरोबर.

आबांना हे पटत नाही. "मोबाईलच्या दुकानात बरं चाललंय की रं, घर सोडून कुठं जातोस?" त्यांचंही बरोबर आहे. पगार वेळेवर मिळतो, मालक चांगले आहेत. पण तिथे दिवसभर डिस्प्ले बदल, बॅटरी बदल. काय बिघडलंय ते शोधायला वेळच नसतो, आणि मला तर शोधण्यातच रस आहे. आयटीआयला मीटर धरायला शिकलो ते यासाठीच. सप्लाय कुठपर्यंत पोचला, कुठे थांबला, हे बोर्डावर बोट ठेवून सांगता आलं की जे वाटतं ते दुसऱ्या कुठल्या कामात मला वाटलेलं नाही. आज जेवताना हे आबांना असंच सांगितलं. ते काही बोलले नाहीत. जेवणानंतर मात्र भाच्याच्या शेजारी बसून टँकचा गेम खेळले, चांगला अर्धा तास.

फॅमिकॉम जपानात आला १५ जुलै १९८३ ला. बुधवारी ४३ वर्षं होतील. ट्रायलही त्याच दिवशी यावी, याचा मला मनापासून आनंद झालाय.

आमचा जुना डब्याचा टीव्ही काकांच्या गोठ्यातल्या खोलीत आहे. मी परत येईपर्यंत तो आणून ठेवतो, असं आबा झोपायला जाताना म्हणाले. शनिवारी बंदूक लावून बघायची.