नवी गाडी, तीन जॉब कार्ड आणि टूलरूमचा डायल

दिघ्याच्या अलीकडे एनएमएमटीची बस स्टॉपला लागत होती. मी मागे ताशी चाळीसच्या आसपास असेन. पुढचा ब्रेक दाबला आणि लिव्हर नुसताच आत आला, पार ग्रिपला टेकायच्या बेतात. दुसऱ्यांदा दाबला तेव्हा पकडला. बसच्या मागच्या बंपरपासून वीतभर अंतरावर गाडी थांबली. पाडव्याला घेतलेली गाडी, जून महिना, मीटरवर १,३९० किलोमीटर.

सतरा वर्षं स्कूटर चालवून सेहेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा शोरूममधून कोरी मोटरसायकल घेतली. कंपनीचं आणि शोरूमचं नाव लिहीत नाही, उगाच वाद नकोत. पाडव्याला डिलिव्हरीची ही रांग होती. हार, पेढे, चावीचा मोठा पुठ्ठा हातात धरून फोटो. त्या गर्दीत गाडी नीट तपासून दिली असेल अशी अपेक्षा ठेवणं हाच माझा पहिला गाढवपणा. मी स्वतः रबाळे एमआयडीसीत एका मशिन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. महिन्याच्या एकतीस तारखेला जो माल बाहेर पडतो त्याचं काय असतं, हे मला कुणी सांगायला नको.

पहिल्या पाचशे किलोमीटरमध्ये तक्रार नव्हती. मग कळवा ते रबाळे या रोजच्या रस्त्यावर, विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली उतरताना हलका ब्रेक धरला की लिव्हरमध्ये धडधड जाणवायला लागली. बोटांखाली नाडी लागावी तशी.

फ्री सर्व्हिसला सांगितलं. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणाला, "एबीएस आहे ना सर, तसंच वाटतं. नॉर्मल आहे."

आता हे उत्तर बहुतेकांना गप्प करतं, कारण १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्याच नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा, सक्तीचं झालं आणि ते लागतं तेव्हा लिव्हर खरंच थरथरतो. पण एबीएस कधी लागतं? चाक लॉक व्हायला आलं की. कोरड्या रस्त्यावर दोन बोटांनी ब्रेक धरला तर त्याला उठायचं कारण नाही. शिवाय माझी धडधड वेगाबरोबर बदलत होती. सतरा इंची पुढचं चाक एका फेऱ्यात साधारण १.८५ मीटर जातं, म्हणजे ३६ च्या वेगाला सेकंदाला पाच-साडेपाच फेरे. १८ वर आलो की धक्के बरोबर निम्मे. चाकाच्या एका फेऱ्याला एक धक्का. फिरणारं काहीतरी वाकडं आहे, एवढं तर आमच्या शॉपमधला अप्रेंटिससुद्धा सांगेल.

त्याने जॉब कार्डवर लिहिलं "ब्रेक चेक". मी तेव्हा काही बोललो नाही. तो दुसरा गाढवपणा.

१,१४० किलोमीटरला परत गेलो. ब्रेकचे पॅड काढले, पॉलिश पेपरवर घासले, ते जिला चिमटतात ती चाकाबरोबर फिरणारी तबकडी, म्हणजे डिस्क घासली, ब्रेक ऑइलमधली एअर काढली. चार-पाच दिवस गाडी लोण्यासारखी थांबली. मग पुन्हा तेच. डिस्क डुलत असेल तर उंच बाजूवर पॅडचा माल जास्त बसतो. तो घासून काढला की बरं वाटतं आणि दोनशे किलोमीटरमध्ये परत बसतो. आणि लिव्हर खोल जायचं कारणही तेच: डुलणारी डिस्क पॅडना ढकलून त्यांच्यामागचे पिस्टन मागे सारते, मग पहिला दाब नुसती ती फट भरण्यात जातो. एअर काढून त्याचं काही होत नाही, कारण एअर तिथे नव्हतीच. हे मी आता ऐटीत लिहितोय. तेव्हा मला फक्त धडधड कळत होती. खोल जाणारा लिव्हर कळला तो दिघ्याला, त्या बसच्या मागे.

घरी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. बायकोने मागे बसणं बंद केलं. रविवारी उपवनला जायचं तरी "रिक्षा कर" म्हणायला लागली.

मग मी टूलरूममधून डायल (मिलिमीटरच्या शतांशाचा फरक काट्याने दाखवणारं माप) आणि मॅग्नेटिक स्टँड गेट पास करून घरी आणला. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी मेन स्टँडला लावली, मुलाला मागच्या टोकाला बसवलं, पुढचं चाक उचललं गेलं. पुढची मजा अशी की फोर्कचा (पुढचं चाक धरणारे दोन दांडे) खालचा भाग अ‍ॅल्युमिनियमचा. मॅग्नेट चिकटेना! शेवटी लोखंडी पट्टी सी-क्लॅम्पने फोर्कला आवळली आणि स्टँड तिच्यावर बसवला. आधी चाक दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिलं, बेअरिंगमध्ये खेळ नव्हता. डायलचं टोक डिस्कच्या कडेपासून जरा आत टेकवलं, शून्य केलं, चाक हळूहळू फिरवलं. काटा सरकत गेला, गेला, अर्ध्या फेऱ्यानंतर परत फिरला. डिस्कचं डुलणं, म्हणजे रनआउट, एकूण ०.३४ मिलिमीटर. या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मर्यादा ०.१० छापलेली आहे. तीनदा घेतलं, तीनदा तेच. मुलगा मागून विचारत होता, "बाबा, उतरू का?" मी म्हटलं, बस अजून, फोटो काढू दे.

तिसऱ्या खेपेला जॉब कार्ड माझ्या शब्दांत लिहून घेतलं. "पुढील ब्रेक हलका धरल्यास प्रत्येक फेऱ्याला लिव्हरला धक्का, लिव्हरचा प्रवास कधीकधी जास्त, डिस्क रनआउट ०.३४, तिसरी तक्रार." अ‍ॅडव्हायझर "जनरल चेकअप" लिहीत होता. मी पेन धरला, म्हटलं, असं लिहिलं तरच सही करतो. वॉरंटीत हे कागदच कामाला येतात. "तिसरी तक्रार" हे दोन शब्द नसते तर कंपनीच्या लेखी मी पहिल्यांदाच आलो होतो.

त्याचं उत्तर तयार होतं: डिस्क वेअर अँड टेअरमध्ये येते, वॉरंटीत नाही. पॅड झिजतात, मान्य. पण डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. माझ्या डिस्कवर ४.५ होती, मायक्रोमीटरने ४.९८ भरली. नवी ५ ची. म्हणजे झीज दोन शतांश. मी म्हटलं, "झिजलेली नाही हो, डुलतेय." तो मॅनेजरकडे गेला, मॅनेजर जेवायला गेला.

त्या रात्री कंपनीला मेल केला. तिन्ही जॉब कार्डं, काट्याचे फोटो, किलोमीटर. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तिचा नंबर मेलमध्ये टाकला. शेवटी एक ओळ: ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे मी राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात दाद मागू शकतो आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. धमकी म्हणून लिहिलं नव्हतं. बरं, थोडं धमकी म्हणूनच लिहिलं होतं. मागणी एकच, डिस्क बदलून द्या.

आठवड्याने फोन आला. कंपनीचे एरिया इंजिनियर येणार, नवी डिस्क आलीय, या.

मी डायल घेऊनच गेलो. ग्राहकांनी आत यायचं नाही अशी पाटी होती, पण इंजिनियर साहेब डायल पाहून हसले आणि म्हणाले, "या, तुम्हीच लावा." जुनी डिस्क तिथे मोजली, ०.३४. मेकॅनिक पोराने ती काढली, नवी लावली, पाच बोल्ट आमनेसामने करत टॉर्क रेंचने आवळले. मी चाक फिरवलं. ०.३१.

कुणीच काही बोललं नाही. मी शून्य करून परत फिरवलं. ०.३१.

दोन महिने मी डिस्क डिस्क म्हणून ओरडत होतो आणि डिस्क बिचारी निर्दोष. दुखणं म्हशीला, इंजेक्शन पखालीला. डायल नेला नसता तर कोरी डिस्क घेऊन विजयी मुद्रेने घरी आलो असतो आणि महिनाभराने पुन्हा दिघ्याला कुणाच्या तरी बंपरला टेकलो असतो. डिस्क ज्यावर बसते ती जागा मी तपासलीच नव्हती. आमच्या शॉपमध्ये एखाद्या पोराने असा रिपोर्ट आणला असता तर मी तो तोंडावर फेकला असता.

डिस्क परत उतरवली. हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, तोंडावर काही दिसत नव्हतं, सगळा एकसारखा काळा रंग. खिशात मार्किंग ब्लूची (दोन भाग कुठे टेकतात ते दाखवणारा निळा रंग) ट्यूब होती, ती सवयच. डिस्कच्या मागच्या बाजूला पातळ हात फिरवला, डिस्क हबवर दाबून उचलली. ब्लू एकाच बोल्टच्या भोकाशेजारी उमटला, करंगळीच्या नखाएवढा, आणि समोरच्या बाजूला पुसट. पोराने नख फिरवलं आणि म्हणाला, "काका, इथे रंगाचा थेंब बसलाय."

भट्टीत पक्का झालेला पावडर कोटिंगचा थेंब. जाडी फार तर ०.१ असेल. पण डिस्कची बैठक ऐंशी मिलिमीटरची आणि मी मोजत होतो ती जागा २८० च्या व्यासावर, म्हणजे तिथे साडेतीन पट. ०.१ गुणिले साडेतीन. आकडा बरोबर जुळला, तेव्हा मला झालेला आनंद कुणाला सांगण्यासारखा नव्हता.

पोरगा पॉलिश पेपर घेऊन आला, घासून टाकतो म्हणाला. मी आणि साहेब एकदमच "नको" म्हणालो. हाताने घासलेली बैठक सपाट राहत नाही. चाक वॉरंटीत बदलायचं ठरलं. त्याला आणखी अकरा दिवस लागले, त्या अकरा दिवसांत पावसाने विटाव्याचा पूल भरला आणि मी लोकलने ऐरोलीला, तिथून शेअर रिक्षाने जात होतो. नव्या पॅडचं बिल माझ्या नावावर टाकलं होतं. चाकामुळे खराब झालेले पॅड मी का भरू, यावर अर्धा तास गेला, मग ते शून्य झालं.

नव्या चाकावर नवी डिस्क, काटा ०.०४.

जुनं चाक कंपनीला परत जाणार होतं. पोरगा त्याला दोरीने टॅग बांधत होता. तारीख, चेसिस नंबर लिहून झाला, तक्रारीच्या रकान्यात त्याने लिहिलं "ब्रेक". मी म्हटलं, अरे, असं लिहिलंस तर तिकडचा माणूस कॅलिपरमध्ये, पॅड दाबणाऱ्या भागात, दोष शोधत बसेल. त्याने ते खोडलं आणि विचारलं, "मग काय लिहू, काका?" मी सांगत गेलो, तो लिहीत गेला: हबची बैठक, रंगाचा थेंब, एक नंबर बोल्टजवळ, ०.३४. जागा पुरेना, तर उरलेलं त्याने मागच्या बाजूला लिहिलं.