वांग्याची मर, पण रोग नाही: मुळांवरचा सोंडकिडा

वांग्याचं झाड दुपारी माना टाकतं, आठवडाभरात वाळतं. लगेच ‘मर’ रोग म्हणून बुरशीनाशकाची आळवणी (मुळाशी द्रावण ओतणं) सुरू होते. पण बरेचदा आरोपी असतो मायलोसेरस सबफॅसिएटस, आखूड-रुंद सोंडेचा राखाडी किडा. धान्यातल्या सोंड्यासारखी लांब सोंड नसल्यामुळे तो सोंडकिडा वाटतच नाही. कोपरात वाकलेल्या मिशा पाहा, मग पटेल.

आधी पानं बघा. कडेपासून आत अर्धगोल कुरतडलेलं दिसलं, तर किडा शेतात आहे. तेवढ्याने झाड मरत नाही, म्हणून कुणी मनावर घेत नाही. खरं नुकसान जमिनीखाली. मादी मातीत अंडी घालते आणि अळ्या मुळं खातात.

खात्री करायला सुकलेल्या झाडाच्या बुडाचा दोन-तीन इंच तुकडा तिरका कापा, ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात लोंबकळत धरा. काही मिनिटांत दुधट धागे सुटले तर जिवाणूजन्य मर. नाही सुटले तर दुसरं सुकतं झाड उपटा. सहज हातात आलं, बारीक मुळं गायब आणि जाड मुळांची साल सोललेली दिसली, तर तिथली वीतभर माती फोडा. पांढरट, वाकडी, तपकिरी डोक्याची अळी सापडेल. हुमणी समजू नका. हुमणीला पायांच्या तीन जोड्या असतात, हिला एकही नाही.

इथेच खर्च वाया जातो: पानांवरची फवारणी मातीतल्या अळीपर्यंत पोचत नाही. लागवडीआधी शेवटच्या वखरणीला हेक्टरी ५०० किलो निंबोळी पेंड मिसळा. मेटारायझियम (किडींना मारणारी बुरशी) किंवा कीटकभक्षी सूत्रकृमी (किडींना मारणारे सूक्ष्म जंत) संध्याकाळी, ओल्या मातीतच द्या. कोरड्या जमिनीत आणि उन्हात ते मरतात. मेटारायझियम ही मुळात बुरशीच, त्यामुळे बुरशीनाशकाच्या आळवणीला जोडून दिलं तर पैसे मातीत, तेही शब्दशः.

प्रौढ किडे पकडायला सकाळी झाडाखाली उलटी छत्री धरून फांदी झटका. धक्का लागताच ते पाय आखडून पडतात, मेल्याचं सोंग घेतात. तसेच साबणाच्या पाण्यात टाका. सुकलेलं झाड नुसतं उपटून फेकू नका, खालच्या अळ्या वेचा. नाहीतर त्या शेजारच्या झाडाकडे वळतात. आणि जिथे अळ्या सापडल्या, त्या वांग्याचा खोडवा (छाटून त्याच झाडांपासून पुन्हा पीक) ठेवायच्या भानगडीत पडू नका.