आओशी शिनोमोरी कॉस्प्ले, प्रोग्रेस लॉग ३: कोट वाजतोय

तर मंडळी, मागच्या लॉगला दोन महिने होऊन गेले, मधे इयर एंडिंग, मग घरात लग्न, त्यामुळे आओशीसाहेब कपाटावर खोक्यात पडून होते. आता परत खाली काढलेत. ज्यांनी आधीचे दोन वाचले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात, मी रुरोनी केनशिन या जपानी मंगातल्या, म्हणजे चित्रकथेतल्या, आओशीचा कॉस्प्ले करतेय, म्हणजे हुबेहूब त्याचा वेष (ओनिवाबानशू या निन्जांच्या टोळीचा ओकाशिरा, म्हणजे म्होरक्या), आतेबहीण त्याच टोळीतली मिसाओ करतेय, तिचं वेणी आणि कुनाई (निन्जांचे छोटे सुरे) एवढ्यात भागलं आणि ती गेले दोन महिने रोज मला "आओशीसामा, झालं का?" असं विचारून पिडतेय. आणि हो, सिरीज १९९४ ते १९९९ मधली आहे, २८ खंड, तेव्हा खाली काही फुटलं तर स्पॉयलर स्पॉयलर म्हणून ओरडू नका.

सगळ्यात आधी उंचीचं, कारण तेच सगळे विचारतात. माझी उंची १६३ सेंटीमीटर. केनशिनची अधिकृत उंची १५८, म्हणजे मी हिरोपेक्षा उंच आहे आणि तरी मला करायचाय तो त्याच्यासमोर ताडासारखा उभा राहणारा माणूस. "तू केनशिनच कर ना सरळ" हे मला आत्तापर्यंत किमान दहा जणांनी सांगून झालंय. नाही करायचा. मला तो कोट आवडतो आणि तो कोट घालून गप्प उभा राहणारा माणूस आवडतो, विषय संपला. बुटात दोन इंचाचं सोल घातलंय, बाकीचं कोटाच्या कटवर सोडलंय, खांद्यापासून घोट्यापर्यंत एकच सरळ रेघ गेली की माणूस उंच दिसतो असं वाचलं होतं आणि ते खरंय.

कोट. मास्तर आमच्या घरचेच, वीस वर्षं आईचे ब्लाउज शिवतात. त्यांना फोटो दाखवला तर म्हणाले, "डॉक्टरांचा ॲप्रन का ताई?" म्हटलं नाही हो, ओव्हरकोट, उभी कॉलर, खाली घेर. मग मंगाची पानंच दाखवली, त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे शेरवानीच की, फक्त पुढून उघडी." तिथून गाडी रुळावर आली. गॅबर्डिन घेतलं, मोतिया रंगाचं, चार मीटर. मंगा काळीपांढरी, त्यामुळे छटेवरून कोणी भांडायला येणार नाही असं मला वाटलं होतं. आले. असो, मोतियाच राहणार.

कॉलरला पहिल्यांदा साधं बकरम लावलं तर दहा मिनिटांत मान टाकली तिने, सुकलेल्या पालेभाजीसारखी. मग मास्तरांनी दुहेरी कडक बकरम घालून परत शिवली आणि आता ती इतकी ताठ आहे की मान वळवायची तर अख्खं अंग वळवावं लागतं. आधी वैतागले, मग आरशात बघितलं आणि लक्षात आलं की अरे, हेच तर पाहिजे होतं. आओशी कुणी हाक मारली म्हणून पटकन मान वळवेल असं तुम्हाला वाटतं का? तो वळला तर पूर्ण वळतो. कॉलर बदलणार नाही.

आता कोदाची, म्हणजे या लॉगचा मुख्य पसारा. कोदाची म्हणजे आखूड तलवार, पातं दोन शाकूच्या आत, एक शाकू ३०.३ सेंटीमीटर, म्हणजे साठेकच्या आत. अफूचा धंदा करणाऱ्या कानर्यूच्या हवेलीत पहिल्यांदा भेटतो तेव्हा आओशीकडे एकच असते आणि तो ती ढालीसारखी वापरतो, आखूड पातं बचावाला पटकन फिरतं म्हणून, आणि मारायचं काम दुसऱ्या हाताच्या ठोशांकडे. नंतर क्योतोच्या भागात हातात एक भलीमोठी लांब तलवार घेऊन येतो, आपल्याला वाटतं गड्याने स्टाइल बदलली, आणि मग कळतं की त्या एका लांब म्यानात दोन कोदाची आहेत. मी अकरावीत हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा ते पान उलटं करून परत मागे जाऊन म्यान मोजलं होतं अंगठ्याने.

तर ते म्यान करायचंय, बाहेरून बघणाऱ्याला एकच तलवार वाटली पाहिजे आणि आतून दोन निघाल्या पाहिजेत. मी केलेली सोय अशी: दोन पाती समोरासमोर टोकं करून आत, एक मूठ वर नेहमीसारखी, दुसरी मूठ खालच्या बाजूला पण तिच्यावर म्यानाच्याच रंगाची टोपी, म्हणजे ती म्यानाचं शेपूट वाटते. पातं ४८ चं, मूठ २२ ची, आत मधे थोडी फट, सगळं मिळून १४२ सेंटीमीटर. माझ्या हनुवटीच्या थोडं खाली येतं. रिक्षात तिरकं धरून आणावं लागतं आणि रिक्षावाला आरशातून बघत राहतो.

आतल्या नळीसाठी मी आधी पीव्हीसीचा गोल पाईप घेतला होता, फालतू आयडिया, पातं चपटं आणि पाईप गोल, आत खुळखुळ्यासारखं वाजतं. मग बोहरी आळीत फिरताना इलेक्ट्रिकच्या दुकानात भिंतीवर वायरिंगला लावतात ती केसिंग पट्टी दिसली आणि जागीच थांबले. चपटी, पोकळ, हलकी, झाकण सरकवून उघडतं. बत्तीसची पट्टी मागा, दुकानदाराला बरोबर कळतं. मला विचारलं किती पॉइंट आहेत, म्हटलं दोनच, तलवारीचे. हसला नाही.

पट्टीवर ईव्हीए फोम गुंडाळून हीट गनने जरा बाक दिला (फार नाही, नाहीतर पाती अडकतात), वर फेविकॉल आणि पाणी अर्धं अर्धं करून पाच हात, प्रत्येक हात वाळल्यावर पॉलिश पेपर, मग काळा रंग. पात्यांमधे धातू ठेवायचा नाही, इव्हेंटला गेटवरच काढून घेतात, म्हणून गाभा बांबूच्या कामटीचा आणि दोन्ही बाजूंनी पाच मिलीचा फोम. कामटी मस्त काम देते, वजन नाही आणि वाकून परत सरळ होते.

आणि मग मी घाई केली. चंदेरी रंग मारून एक रात्र ठेवला, हाताला कोरडा लागला म्हणून दोन्ही पाती म्यानात घातली आणि फोटो काढून ग्रुपवर टाकले आणि झोपले. पुण्यातला मे महिना, रात्री पंखासुद्धा गरम हवा टाकतो. सकाळी वरची मूठ ओढली तर निघेना. आतेबहिणीने एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या बाजूने, रस्सीखेच झाली, फाटकन निघालं आणि मी पलंगावर उताणी. पात्याचा अर्धा रंग आतच राहिला, पातं कोड आल्यासारखं दिसायला लागलं. दुसरं नंतर झाकण सरकवून हळू सोडवलं. आता धडा: वाळला वाटला तरी चार दिवस हात लावायचा नाही, आणि म्यानात घालायच्या आधी टाल्कम पावडर. पाती परत घासून परत रंगवली. यात अख्खा आठवडा गेला.

मुठींवर मात्र मी खूश आहे. खऱ्या मुठीवर माशाचं खरबरीत कातडं असतं, सामेगावा, त्यावर फीत आडवीतिडवी गुंडाळून मधे चौकडीच्या फटी सोडतात. कातड्याला पांढरं दाणेदार रेक्झिन. फितीला काय काय शोधलं, सॅटिन घसरतं, बुटाची लेस गोल होते, शेवटी तुळशीबागेतली परकराची सुती नाडी. चपटी, पकड चांगली, रंग पितेसुद्धा. काळ्या रंगात रात्रभर बुडवून ठेवली. पहिल्या मुठीला दर वेढ्याला डावी पट्टी वर घेत गेले तर सगळ्या चौकड्या एका बाजूला कलल्या, एकदा डावी वर एकदा उजवी वर असं आलटूनपालटून घ्यायचं असतं, ते तिसऱ्या उसवण्यानंतर डोक्यात शिरलं.

आता कोट का वाजतोय ते. गॅबर्डिन चांगलं पण हलकं, चालताना मागचा घेर फडफडतो, आओशीच्या कोटाला जो भारदस्तपणा आहे तो येत नाही. कुणीतरी सुचवलं, पडद्याच्या कडेत वजन घालतात तसं घाल. म्हणून बोहरी आळीतूनच चोवीस वॉशर आणले आणि खालच्या दुमडीत ओळीने सोडून दुमड शिवून टाकली. पडायला काय पडतो कोट, एक नंबर. वळलं की एक क्षण मागे राहतो आणि मग येतो. मी हॉलमधे दोन फेऱ्या मारल्या आणि स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "पैंजण कुणी घातलेत गं?"

ओनिवाबानशूचा ओकाशिरा. छुमछुम करत.

हे उसवून दुरुस्त करायला तीन संध्याकाळी लागल्या आणि त्या तीन संध्याकाळी मी बाजूला मंगा परत उघडून ठेवली होती, म्हणून थोडं विषयांतर. खरे ओनिवाबान होते इतिहासात. १७१६ मधे योशिमुने शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी सत्ताधीश, झाला, तो तोकुगावा घराण्याच्या 'की' नावाच्या शाखेतला, आपली विश्वासातली माणसं बरोबर घेऊन आला आणि त्यांना एदोच्या (आजचं तोक्यो) किल्ल्यातल्या बागेच्या पहाऱ्यावर नेमलं. नावाला बागेचे पहारेकरी, कामाला शोगुनचे थेट खबरे. मंगातला आओशी हा त्यांचा शेवटचा ओकाशिरा, पंधराव्या वर्षी झालेला (माझं पंधरावं वर्ष दहावीच्या क्लासमधे गेलं). आणि १८६८ मधे किल्ला न लढताच नव्या सरकारच्या ताब्यात दिला गेला. म्हणजे आयुष्यभर ज्या लढाईची तयारी केली ती झालीच नाही. हरलेपण पण धड नाही मिळालं त्याला.

त्यानंतरचं जे आहे ते वाचताना मी सुई खाली ठेवली. त्याला सरकारी नोकऱ्या आल्या होत्या, हुशार होता, कुठेही लागला असता. पण हान्न्या, शिकिजो, बेशिमी, ह्योत्तोको या त्याच्या हाताखालच्या चौघांना नव्या जमान्यात कोण विचारणार? हान्न्याने तर वेषांतरासाठी स्वतःचा चेहराच उद्ध्वस्त करून घेतलेला. म्हणून तो त्यांना घेऊन त्या अफूवाल्या कानर्यूकडे पहाऱ्याला राहतो, आणि तिथे गॅटलिंग गनसमोर तेच चौघे त्याला वाचवायला एकेक करून पडतात. पुढचा सगळा वेडेपणा, "सर्वात बलवान" ही पदवी त्यांच्या थडग्यावर फुलासारखी वाहायची, खलनायक शिशिओशी हातमिळवणी, आपल्याच टोळीतल्या म्हाताऱ्या ओकिनाला जवळजवळ मारून टाकणं, तो सगळा इथून येतो. त्यामुळे कुणी "कूल आहे, काही फील होत नाही त्याला" म्हटलं की माझं डोकं फिरतं. त्याच्या मालकाचं हिशेबाचं वहीखातं बंद झालंय आणि याच्या नावावर चार माणसं उधार आहेत, तो तोंड उघडून काय बोलणार? लेखकाने सांगितलंय की हे पात्र शिनसेनगुमी या शोगुनच्या बाजूने लढणाऱ्या दलातल्या हिजिकाता तोशिझोवरून सुचलं. हिजिकाताचा तो प्रसिद्ध फोटो बघा, पाश्चात्य कपडे, तलवार, १८६९ मधे हाकोदातेच्या लढाईत मारला गेला. तसाच बसलेला चेहरा.

मी चेहऱ्याची प्रॅक्टिस चुकीची करत होते हे यातून कळलं. आधी मी आरशासमोर "रागीट" बघायचे, भुवया खाली, ओठ घट्ट. बहीण म्हणाली बद्धकोष्ठ झाल्यासारखी दिसतेस. आता मी रागाचं काही करत नाही, फक्त डोळे एका जागी ठेवते आणि पापणी उशिरा मारते. शेवटी शेवटी तो क्योतोच्या देवळात झाझेनला, म्हणजे ध्यानाला, बसतो आणि मिसाओ चहा घेऊन येते, ते पान समोर लावून मी रोज मांडी घालून बसते. वीस मिनिटं ठरवली होती, रेकॉर्ड अकरा मिनिटांचा आहे, पाय झोपतो.

तर वॉशर. सगळे बाहेर काढले, प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी खुर्चीच्या पायाखाली लावायच्या फेल्टच्या टिकल्या चिकटवल्या आणि दुमडीत दर दोन बोटांवर उभा टाका घालून प्रत्येकाला वेगळी खोली दिली, गोधडीला घालतो तसे टाके. चोवीस खोल्या. त्यातल्या मागच्या चार खोल्यांचे टाके आतल्या बाजूने लाल दोऱ्याने घातलेत, बाहेरून दिसत नाहीत. मास्तरांना दिसले, म्हणाले, "ताई, दोरा संपला होता का?" म्हटलं हो.

अजून राहिलेलं: आतल्या गडद पोशाखाची पॅन्ट ढगळ होतेय, विगची पुढची बट डोळ्यात जाते, आणि दोन्ही कोदाची एका दमात काढायचं अजून जमत नाही, खालची टोपी घट्ट बसलीय. काइतेन केनबुचं, म्हणजे त्याच्या त्या गरकन फिरून वार करायच्या डावाचं, नाव काढू नका, मी दोनदा फिरले तर सोलवरून पाय मुरगळला.

काल पहिल्यांदा सगळं अंगावर चढवून गच्चीवरून खाली आले. जिन्याच्या सतरा पायऱ्या, बूट, कोट, म्यान. एकही आवाज नाही, स्वतःलाही ऐकू येईना. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले, आई पाठमोरी, कांदा चिरत होती. वळली आणि हातातली सुरी टाकून जी किंचाळली! "मेले, आवाज तरी करत जा!"

मी खूप प्रयत्न केला. कॉलरमधे तोंड घातलं, डोळे एका जागी ठेवले, पण नाहीच जमलं, फिस्सकन हसले. आणि मागे जिन्यात बहीण मोबाइल घेऊन उभीच होती, ज्या मिसाओला आओशीसामाला एकदा तरी हसवायचंय ती मिसाओ, आणि ती वेणी उडवत गल्लीभर ओरडत सुटली की हसले, हसले, आओशीसामा हसले.